म्हातारचळ नावाचा आजार नसतो

बाईंच्या शोकसभेत तो माईक हातात घेऊन म्हणाला, "बाई म्हणजे साक्षात माया होत्या. आमच्या आप्पांवर तर त्यांचा लई जीव," आणि मी उठले. मंगल कार्यालयाच्या दाराशी चपलांचा ढीग पडलेला. माझी एकच सापडली. आत त्याचा आवाज चालूच होता. शेवटी एका पायात माझी, एका पायात कुणाची तरी, अशी मी रस्त्यावर आले.

तो म्हणजे आप्पांचा थोरला मुलगा. आप्पा म्हणजे केजच्या बाजारपेठेतले जुने कापडवाले. त्या मुलानं बापाचं काय केलं आणि त्यात माझा हात कसा होता, हे मी सांगणार आहे. पण आधी बाई. बाईंच्यात माया नव्हती. असली तर अकरा वर्षांत मला ती दिसली नाही. बाईंच्यात राग होता. सकाळी साडेसातला लॅबचं शटर वर जायचं तेव्हापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत तो राग आमच्यात वावरायचा. माणूस मेल्यावर लोकांनी त्याच्याकडून तेवढा राग काढून घ्यावा आणि त्याजागी माया ठेवून हार घालावा, याची मला चीड येते.

बाई पॅथॉलॉजिस्ट. रक्त तपासणाऱ्या डॉक्टर. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांची लॅब. गाव त्यांना 'रगतवाल्या बाई' म्हणायचं. अंगावर सुती साडी, पायात पुरुषी चामडी चपला, आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं. उजव्या हातावरचं वेळ दाखवायचं. डाव्या हातावरचं घड्याळ त्या रक्त काढलं की बारावर आणायच्या, म्हणजे नमुना किती शिळा झाला ते कळायचं. खेड्यात जाऊन रक्त घ्यायचं असलं की स्कूटीच्या मागं बर्फाची पेटी सुतळीनं बांधून स्वतः जायच्या. धारूरचा घाट त्या स्कूटीवर चढताना मी त्यांच्या मागं बसलेय. वळणावर ट्रक आला तरी त्या मागं वळून मला विचारायच्या, "बर्फ हाय का गं अजून?"

नमुन्यांच्या फ्रिजला कुलूप. त्यात दुसरं काही ठेवायचं नाही. एकदा कुणा पुढाऱ्याच्या माणसानं वाढदिवसाच्या पेढ्यांचा पुडा आत सरकवून दिला. बाईंनी तो पुडा खिडकीतून गल्लीत फेकला, वर ओरडल्या, "आता ह्याला लोकांच्या लघवीची चव लागली. खा!" तो पुढारी पुढं दोन वर्षं आमच्याकडं माणूस पाठवत नव्हता. बाईंना फरक पडला नाही. मला पडायचा, कारण शिव्या मला खाव्या लागायच्या.

म्हातारं माणूस आलं की नातेवाइकांनी जिन्यातल्या बाकड्यावर बसायचं. आत एकटं म्हातारं माणूस. सून दारातून सांगू लागली, "ह्यांना काई आठवत न्हाई, जेवलेलं बी..." की बाई तिला अडवायच्या. "तुला इचारलं का? त्येंचं डोकं त्येंच्याच खांद्यावर हाय. त्येंनाच बोलू दे."

मग प्रश्न. आज कोणता वार, मंत्री कोण, असलं त्या विचारत नव्हत्या. "आज वार कोन्ता ते मलाच म्हाईत न्हाई," म्हणायच्या. बाईमाणसाला कारळाची चटणी कशी करतात ते पहिल्यापासून सांगायला लावायच्या. कारळं भाजायची आधी की मिरची, कुठं थांबते, कुठं गोंधळते, ते ऐकायच्या. शेतकऱ्याच्या हातात सुतळी देऊन म्हणायच्या, बैलाच्या कासऱ्याची गाठ मारा. त्याची बोटं कुठं अडतात ते बघायच्या. मग कानाजवळ डाव्या हाताचं घड्याळ धरायच्या, टिकटिक ऐकू येते का म्हणून. "निम्मे येडे ठरवलेले लोक भैरे असत्यात," हे त्यांचं म्हणणं. त्याच्यानंतर सुई.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'म्हातारचळ' लिहिलेलं दिसलं की झालंच. लाल पेनानं तो शब्द खोडायच्या आणि खाली लिहायच्या, 'हा आजार नाही. पुन्हा लिहा.' चिठ्ठी परत. रोग्यानं पुन्हा दवाखान्यात जायचं, नवी चिठ्ठी आणायची. उन्हातान्हात लोक चकरा मारायचे, बाईंना शिव्या द्यायचे. मीही मनातल्या मनात द्यायचे. डॉक्टरवरचा राग रोग्यावर कशाला, असं एकदा मी बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, "डॉक्टर माझं ऐकत न्हाई. रोगी जाऊन भांडला तर ऐकंल." आणि खरंच दोन-तीन डॉक्टर तो शब्द लिहायचे थांबले.

या सगळ्यामागं एक बाई होती. घाटाकडच्या वस्तीवरची. घरचे सगळे ऊस तोडायला गेलते, ही एकटी मागं राहिलेली. ती शेजाऱ्यांना ओळखेना, बोलेना, दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायची. लोकांनी करणी ठरवली, देवऋषी केला, आणि ती विहिरीकडं जाऊ नये म्हणून पायात साखळी घातली. बाई तिचं रक्त घ्यायला गेल्या त्या वेळी मीही होते. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, कातडी खरबरीत. तपासलं तर थायरॉइड जवळजवळ बंद पडलेलं. गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळ्यात ती स्वतःच्या पायांनी लॅबचा जिना चढून आली आणि बाईंपुढं शेंगांची पिशवी ठेवली. बाईंनी पिशवी बघितली नाही. तिच्या घोट्यावरचा साखळीचा काळा वण बघितला, आणि तिच्याबरोबर आलेल्या मुलाला विचारलं, "ही साखळी कुनी घातली?" तो जिन्याकडं बघू लागला. "कुनी घातली बे?" तो खाली मान घालून म्हणाला, "समद्यांनी." बाईंनी शेंगा परत केल्या.

आता टाऊबद्दल सांगते. त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही.

माणसाच्या स्मृतिभ्रंशाचा एक मोठा प्रकार असा की मेंदूच्या पेशी हळूहळू खराब होत जातात. त्या वेळी टाऊ नावाच्या प्रथिनाचा एक प्रकार रक्तात किंचित वाढतो. तो मोजायची तपासणी अलीकडं मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये सुरू झाली. आमच्याकडं नव्हती. आम्ही रक्त घ्यायचं, फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढायचं, गोठवायचं आणि बर्फात घालून पाठवायचं. बाईंना या तपासणीचं फार कौतुक होतं. आलेला पहिला कागद त्यांनी तीनदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. म्हणाल्या, "आपल्या हयातीत हे झालं बघ. कवटी न उघडता." पण लगेच माझ्याकडं बोट रोखून म्हणाल्या, "ही खूण हाय. निदान न्हाई. घाटात धारूर पाच किलोमीटर असा दगड दिसला म्हंजी धारूर आलं का? दगड कुनी उलटा बी लावल्याला असतो."

दगड उलटा लावणाऱ्या गोष्टी त्यांनी मला पाठ करायला लावल्या होत्या. किडनी नीट चालत नसली तर हे प्रथिन रक्तातून बाहेर जात नाही, आकडा आपोआप वाढतो. थायरॉइड आणि बी-बारा यांचा तर विसरण्याशी सरळ संबंध. म्हणून टाऊच्या आधी ही सगळी तपासणी लॅबनं करायचीच, चिठ्ठीत असो नसो. आणि टाऊचा कागद बाईंच्या हातच्या टिपणाशिवाय लॅबच्या बाहेर जायचा नाही.

कधीकधी दगड सरळच असतो, हेही मला त्यांनीच दाखवलं. माझ्या सासूबाई रस्ता चुकू लागल्या, तेव्हा मी त्यांना आणलं. किडनी चांगली, थायरॉइड चांगलं, बी-बारा चांगलं, कान चांगले. चटणी मात्र त्या सांगू शकल्या नाहीत. टाऊ वाढलेला. बाईंनी कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "हे खरं हाय. मेंदूच्या डॉक्टरला दाखव. पन बरं व्हनार न्हाई, वाढतच जानार. तयारी ठेव." एवढंच. सासूबाई समोर बसलेल्या. मी रडले तर बाई म्हणाल्या, "रडायचं तर जिन्यात." मी तीन महिने त्यांच्याशी कामापलीकडं बोलले नाही. आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. खरं सांगायचं होतं, मान्य. पण असं?

आप्पा आले ते दोन्ही मुलांबरोबर. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला भस्म. थोरल्याच्या हातात बीडच्या कुठल्याशा डॉक्टरची चिठ्ठी, त्यावर टाऊची तपासणी. थोरला जिन्यातच सुरू झाला, "डोक्यावर परिनाम झालाय. दोनदा गॅस चालू ठेवला. मला चुलत्याच्या नावानं हाक मारत्यात, चुलता जाऊन वीस वर्षं झाले. आन् सोताच्या लेकीला माय म्हनत्यात, माय!"

बाई आतून कडाडल्या, "ह्या मुलखात परत्येक बाप लेकीला मायच म्हनतो! तुझं सगळं गाव येडं हाय का?"

मुलं बाकड्यावर बसली. आप्पा आत आले. बाईंनी ड्रॉवरमधून मांजरपाटाचा तुकडा काढून त्यांच्या पुढं टाकला. "दीड मीटर द्या." आप्पांनी कापड वितीवितीनं मोजलं, कडेला दातानं चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन सरळ फाडलं. एक धागा वाकडा नाही. मग तुकडा घडी घालून हातात धरून बसले. जरा वेळानं विचारलं, "कुनाचं हाय हे?"

बाई त्यांची बोटं बघत होत्या. आप्पाच बोलले. "बाई, माझं मलाच कळंना झालंय. मधीच तुटल्यावानी होतं. पन तुटतं ते बी मला कळतंय."

"ही तपासनी कावून करायलाव, म्हाईत हाय का तुमाला?"

"हाय की. म्या लेकीला रस्त्याकडचं शेत बक्षीसपत्र करून दिलं. मागच्याच महिन्यात. सही केली, फोटू काढला, अंगठा बी दिला. त्ये ह्यांना खुपतंय."

त्यांची मुलगी विधवा. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, मागच्या खोलीत ब्लाऊज शिवायची. आप्पांचं खाणंपिणं तीच बघायची.

बाईंनी विचारलं, "रगतात काय निघंल ते जानून घ्यायचंय का तुमाला? न्हाई म्हनलात तर म्या सुई लावनार न्हाई. भाईर ते दोगं कितीबी बोंबलू द्या."

आप्पांनी तुकड्याची घडी मोडून परत घातली. मग म्हणाले, "घ्यायचंय. माझं मला ठाऊक पायजे. पन आधी मला सांगा. त्यांना न्हाई."

बाईंनी ते रजिस्टरमध्ये लिहिलं. रुग्णास आधी, स्वतः, तोंडी. आप्पांनी त्याच्या खाली सही केली. वळणदार, दुकानदारी सही.

आमच्या तपासण्या त्याच दिवशी झाल्या. बी-बारा तळाला गेलेलं. शाकाहारी घर, म्हातारं पोट, नवल नव्हतं. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम निम्म्यावर आलेलं. बाईंनी त्याच संध्याकाळी आप्पांच्या घरी जाऊन सांगितलं, बी-बाराची इंजेक्शनं सुरू करा आणि किडनीच्या डॉक्टरला ताबडतोब दाखवा. थोरल्यानं विचारलं, "टाऊचं काय?" बाई म्हणाल्या, "त्ये सोड. किडनी बघ." हे एकदा झालं. आणखी दोनदा त्या गेल्या, ते पुढं येईलच. तीनदा त्या त्यांच्या दारात जाऊन किडनीचं सांगून आल्या.

टाऊचा कागद दहा दिवसांनी आला. आकडा वाढलेला. आम्ही नेहमी एकाच पानावर सगळं छापायचो, वर टाऊ आणि खाली बाकीच्या तपासण्या. बाई त्या दिवशी खेड्यावर गेलत्या. टिपण त्या आल्यावर लिहिणार होत्या.

दुपारी माझ्या नवऱ्याचा फोन आला. नवरा थोरल्याच्या शिक्षणसंस्थेत क्लार्क होता. आवाज दबका. "साहेब माझ्याम्होरं बसलेत. त्यांच्या वडलांचा रिपोर्ट आलाय म्हनं. देऊन टाक." मी म्हणाले, बाई नाहीत. तो म्हणाला, "अगं, त्यांच्याच बापाचा हाय. कागदच तर हाय." पाठीमागं थोरल्याचा आवाज आला, हसरा, "वहिनी, जास्त काई न्हाई, नुसती प्रिंट."

मी प्रिंट काढली आणि दिली. टिपणाशिवाय. थोरल्याचा माणूस जिन्यात उभा होता, त्याच्या हातात दिली. मला किडनी माहीत होती, बी-बारा माहीत होतं, रजिस्टरमधली सही माहीत होती. सगळं पाठ होतं मला. तरी दिली. भीती होती म्हणू की सवय, मला आजही ठरवता येत नाही. साहेब म्हणाले की द्यायचं, हे आमच्या घरात न शिकवताच सगळ्यांना येतं.

बाई पाच वाजता आल्या. मी सांगितलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण त्या ओरडल्या नाहीत. डाव्या हातावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "तुझ्या बापाची जमीन हाय ना गं? तुझा वाटा?"

"हक्कसोड करून दिलं भावांना. लग्नानंतर."

"कुनी मागितलं?"

"कुणी मागितलं नाही. तलाठ्याकडं बोलावलं, सही केली."

"हां," बाई म्हणाल्या. "म्हनूनच."

असं आजवर मला कुणी मारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं. "चल. आप्पाला आधी आपन सांगनार व्हतो. आता तू सांग." आप्पा वरच्या खोलीत होते. त्यांची खाट माडीवर हलवली होती आणि मुलीला वर यायची बंदी होती, का तर ती कानाला लागते. थोरली सून जिन्यात उभी राहिली. बाई तिच्या अंगावरून गेल्या.

मी आप्पांपुढं बसले. सांगितलं की रिपोर्ट आला, तुम्हाला सांगायच्या आधी मी तुमच्या मुलाला दिला, चूक झाली. आप्पा ऐकत होते. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मी परत सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"कळलं मला. एकदा सांगितल्यालं कळतंय अजून." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "काय निघालं त्यात?"

बाईंनी सांगितलं. आकडा वाढलाय, पण किडनीमुळं वाढला असेल, बी-बारामुळं विसरायला होत असेल, आधी ती दोन्ही सुधारू, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आजार असेलही, नसेलही. आप्पांनी विचारलं, "आन् आसला तरी, सही केली त्या दिवशी मी शाना व्हतो का न्हाई, हे रगतात दिसतं का?"

"न्हाई दिसत," बाई म्हणाल्या. "कुनाच्याच रगतात न्हाई दिसत."

"मंग लेकीला सांगा. मी शाना व्हतो म्हनून. ती माझी शिवन करती, सैपाक करती, मला धुती. पोरांनी वाटून खाल्लं असतं. माय कुठं गेली असती माझी?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सूनही दारात होती, तिनंही ऐकलं.

त्यानंतर आम्हाला त्या घरात घेतलं नाही. बाई आणखी दोनदा गेल्या, दारातूनच ओरडून किडनीचं सांगितलं आणि परत आल्या. दोन्ही वेळा मी रस्त्यावर स्कूटी धरून उभी होते. समोरच्या दुकानदारांनी ऐकलं, कुणी मान वर केली नाही. मुलांनी कोर्टात दावा लावला की वडिलांची बुद्धी ठिकाणावर नसताना बहिणीनं बक्षीसपत्र करून घेतलं, ते रद्द करा. पुरावा म्हणून टाऊचा तो कागद. त्याला प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं. कागदाला जपलं त्यांनी, कागदाला!

आप्पा सात महिन्यांनी गेले. आधी पाय सुजले, मग जेवण सुटलं, मग उलट्या, मग ते खरोखरच असंबद्ध बोलू लागले. घरचे लोकांना सांगायचे, बघा, वेड वाढलं. वेड नव्हतं ते. किडनी बंद पडली की रक्तातलं विष डोक्यात चढतं, आणि माणूस बरळतो. शेवटच्या दोन दिवसांत मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं विचारलं, इतके दिवस काय करत होता? हे मला आप्पांच्या मुलीनं सांगितलं. तिला शेवटी आत घेतलं होतं, कारण धुवायला कुणीतरी पाहिजे होतं.

लॅबमध्ये बाईंनी मला काढून टाकलं नाही. ते बरं झालं असतं. रक्त काढायचं काम ठेवलं, पण रिपोर्टला हात लावू दिला नाही. प्रिंटर स्वतःच्या टेबलावर नेला. दोन वर्षं मी लोकांच्या शिरा शोधत होते आणि कागद बाई देत होत्या. एक शब्द त्या बोलल्या नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, भांडले असते, मोकळी झाले असते.

साक्षीसाठी बाईंना अंबाजोगाईच्या कोर्टात बोलावलं. थोरल्याच्या वकिलानं विचारलं, "आकडा वाढलेला आहे, हे खरं?" "खरं." "म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, हे खरं?" बाई दगडाचं सांगायला लागल्या, घाटाचं, किडनीचं. वकील म्हणाला, "हो की नाही एवढंच." बाई भडकल्या. "आसं हो-न्हाईत माणूस बसत नसतो!" वकील हसून म्हणाला, "मॅडम, आपलं वय किती? आज तारीख कोणती?" आणि बाईंना तारीख आठवली नाही. त्यांना कधीच आठवत नव्हती. कोर्टातले लोक हसले. थोरला हसला. मी मागच्या बाकावर होते, मला बाईंची मान दिसली. पहिल्यांदा खाली गेलेली.

त्या संध्याकाळी मी आप्पांच्या मुलीच्या वकिलाकडं जाऊन सांगितलं, माझी साक्ष घ्या.

नवरा म्हणाला, "माझी नोकरी जाईल." मी म्हणाले, जाईल. तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जायचं तर नीट बोल. अर्धवट बोलून नोकरी घालवू नगंस." नोकरी गेलीच. आम्ही लातूरला आलो, तो आता एका दुकानात हिशेब लिहितो, मी दुसऱ्या लॅबमध्ये आहे. बक्षीसपत्र खालच्या कोर्टानं कायम केलं. मुलांनी वर अपील केलंय. शेत सध्या मुलीकडं आहे, तिनं तूर लावलीय.

माझ्या साक्षीच्या दिवशी ऊन फार होतं. मी सगळं सांगितलं. रजिस्टरमधली सही, नवऱ्याचा फोन, टिपणाशिवाय दिलेली प्रिंट, वरच्या खोलीत आप्पा बोलले ते शब्द. थोरल्याच्या वकिलानं नेहमीचा प्रश्न विचारला, "तुम्ही डॉक्टर नाही. तुम्हाला या कागदातलं काय कळतं?"

मी म्हणाले, "मला वाचता येतं. तो कागद द्या."

मी उभं राहून तो पूर्ण वाचला. वरची टाऊची ओळ सगळ्यांना पाठ होती. मग बी-बारा. मग क्रिएटिनिन, आणि त्याच्यापुढं ठळक छापलेलं 'वाढलेले'. म्हणाले, "आप्पा ज्यानं गेले, ते ह्याच कागदावर लिहिलेलं आहे. टाऊच्या खाली चौथ्या ओळीवर. सात महिने आधी."

थोरला जागेवरून उठला. कागद मागून घेतला. बोट ठेवून ओळी मोजल्या. दोन वर्षं त्याच कागदाची प्रत त्याच्या कपाटात होती. त्याचा चेहरा खरंच पांढरा पडला, ते मी नाकारत नाही. तो म्हणाला, "हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

मागच्या बाकावरून आवाज आला. "सांगितलं व्हतं! तीनदा! तुझ्या दारात येऊन!" बाई उभ्या होत्या. "तू इचारलंस, टाऊचं काय, टाऊचं काय! बाप मरायला लागला व्हता अन् तू त्यो येडा हाय का एवढंच बघत व्हतास!"

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. शिपायानं बाईंना दंडाला धरून बाहेर नेलं. जाता जाताही त्या बोलतच होत्या.

मी बाहेर आले तेव्हा त्या केजच्या जीपजवळ उभ्या होत्या. स्कूटी तेव्हा त्यांना झेपत नव्हती. पदरानं तोंड पुसत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. बरं बोललीस, किंवा उशिरा बोललीस, काहीही.

त्या म्हणाल्या, "आता कळलं त्याला. आप्पाला त्याचा काय उपेग?"

जीप भरत आली होती. मागच्या बाकावर दोघींपुरती जागा होती. बाई चढल्या, मधोमध बसल्या आणि पिशवी शेजारी ठेवली. ड्रायव्हर मला म्हणाला, "चला ताई, जागा हाय." बाई समोर बघत होत्या. त्यांनी पिशवी उचलली नाही.

मी ड्रायव्हरला म्हणाले, तू जा. मी दुसऱ्या जीपनं येते.